दर वेळी पाचव्या महिन्यात बाळ जायचं, तेव्हा डॉ. शिरोडकरांनी एक टाका घातला

चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्री. खानदेशातला कुठलाही तालुका घ्या. लग्नाला चार-पाच वर्षं झालेली एक बाई. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात, फारशी कळही न येता, सगळं संपलं. तिसऱ्या वेळी घरचे तिला जळगावला नाहीतर धुळ्याला घेऊन जातात. सोनोग्राफी होते, जुने कागद बघितले जातात आणि डॉक्टर सांगतात की गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल.

अशा वेळी फाईलवर बऱ्याचदा दोन शब्द लिहिले जातात. शिरोडकर स्टिच.

ऐकणाऱ्याला वाटावं की हे दोऱ्याचं नाव असेल किंवा एखाद्या कंपनीचं. तसं नाही. हे एका मराठी माणसाचं आडनाव आहे. लंडन, न्यूयॉर्क किंवा सिडनीतल्या प्रसूतिगृहातही अशा बाईच्या कागदावर हेच आडनाव लिहिलं जातं. जगभरातल्या वैद्यकीय पुस्तकांत छापल्या गेलेल्या या माणसाचं नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

शिरोड्याचा मुलगा, मुंबईचा डॉक्टर

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ चा, गोव्यातल्या शिरोडा गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. इकडे जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हेही झाले नव्हते. सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता, त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले.

शिरोडकरांचं शालेय शिक्षण हुबळीत झालं. पुढे डॉक्टर व्हायला ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. जे. जे. रुग्णालयाला जोडलेलं हे देशातल्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक. १९२३ मध्ये ते एम.बी.बी.एस. झाले. १९२७ मध्ये स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी. केलं. मग इंग्लंड गाठलं आणि १९३१ मध्ये तिथली एफ.आर.सी.एस. ही शल्यविशारदाची पदवी मिळवून ते परत आले.

परत आल्यावर त्यांनी मुंबईतच काम सुरू केलं. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, तिथेच पुढे ते प्रसूतिशास्त्राचे मानद प्राध्यापक झाले. मानद म्हणजे रुग्णालयात शिकवायचं, गरीब रुग्ण तपासायचे आणि पोटापाण्यासाठी स्वतःची प्रॅक्टिस करायची. त्या काळातल्या मुंबईच्या बहुतेक मोठ्या डॉक्टरांचा दिनक्रम हाच होता.

जे. जे. सारख्या रुग्णालयात सगळ्या थरांतल्या बाया यायच्या. त्यात एक प्रकार असा होता की जिथे डॉक्टरांकडे काहीच उत्तर नसायचं.

नेमका प्रश्न काय होता?

गर्भपात अनेक कारणांनी होतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांमागे बहुतेक वेळा गर्भातलाच दोष असतो. पण काही बायांचं तसं नसायचं. त्यांचे पहिले तीन-चार महिने अगदी सुरळीत जायचे. बाळाची वाढ चांगली असायची. काही जणींना बाळाची हालचालही जाणवू लागलेली असायची. आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान एके दिवशी ओटीपोटात जड वाटायचं, पाणी जायचं आणि बाळ बाहेर यायचं. नेहमीच्या बाळंतपणासारख्या तासन्‌तास कळा नाहीत, मोठा रक्तस्राव नाही. बाळ पूर्णपणे निरोगी, पण इतकं लहान की जगणं शक्य नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

घरात याचा दोष कुणावर जायचा हे सांगायला नको. जड उचललं असेल, प्रवास केला असेल, कुणाची नजर लागली असेल. शेवटी बाईच अपशकुनी ठरायची. दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू व्हायची. प्रश्न फक्त एका बाळाचा नसायचा, त्या बाईच्या घरातल्या जागेचाच असायचा.

डॉक्टरांकडे त्या वेळी दोन उपाय होते. एक, सक्तीची विश्रांती. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायचं. दुसरा, हार्मोनची औषधं.

हार्मोनचा जमाना

हा दुसरा उपाय कुठून आला, हे समजून घेतलं पाहिजे.

१९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं असं दिसलं. त्या अर्कातल्या द्रव्याला पुढे ऑक्सिटोसिन हे नाव मिळालं. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी याच्या नेमकं उलट काम करणारं द्रव्य दाखवून दिलं. ते गर्भ टिकवून ठेवायचं. १९३४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात हाती आलं आणि त्याला प्रोजेस्टेरॉन म्हणू लागले.

मग हिशेब सोपा वाटू लागला. प्रोजेस्टेरॉन गर्भ धरून ठेवतं. बाळ पडतंय, म्हणजे हार्मोन कमी पडतंय. बाहेरून हार्मोन द्या, बाळ टिकेल.

१९४० च्या दशकात अमेरिकेत डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन लाखो गरोदर बायांना याच आशेवर दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोत झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग नाही असं दिसलं. तरीही ते पुढे बरीच वर्षं वापरात राहिलं.

शिरोडकरांचं निरीक्षण मात्र वेगळं होतं. चौथ्या ते सातव्या महिन्यात वारंवार बाळ गमावणाऱ्या काही बाया अशा असतात की त्यांना कितीही विश्रांती द्या, कितीही हार्मोन द्या, गर्भ राहत नाही. हा मुद्दा त्यांनी पुढे आपल्या लेखातही मांडला.

त्यांनी अशा बायांची पुन्हा पुन्हा तपासणी करायला सुरुवात केली. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. बोटांनी तपासणं एवढंच साधन. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की या बायांमध्ये दोष गर्भात नाही, गर्भपिशवीच्या स्नायूत नाही आणि रक्तातल्या हार्मोनमध्येही नाही. दोष दारात आहे.

पोत्याचं तोंड

गर्भाशय म्हणजे उलटी टांगलेली पिशवी समजा. तिचं तोंड खाली आहे. या तोंडाला सर्व्हिक्स किंवा गर्भाशयमुख म्हणतात. नऊ महिने हे तोंड घट्ट बंद राहायला हवं आणि शेवटच्या दिवशी मऊ होऊन उघडायला हवं.

काही बायांमध्ये हे तोंड, विशेषतः त्याचा आतला भाग, कमकुवत असतो. कधी जन्मजातच, कधी आधीच्या बाळंतपणात फाटल्यामुळे, तर कधी एखाद्या शस्त्रक्रियेमुळे. बाळ लहान आहे तोवर चालून जातं. चौथ्या-पाचव्या महिन्यात वजन वाढलं की तोंड हळूहळू उघडू लागतं. पाण्याची पिशवी खाली सरकते, फुटते आणि पुढचं थांबवता येत नाही.

कापसाच्या किंवा धान्याच्या गच्च भरलेल्या पोत्याचं तोंड सैल राहिलं तर काय होतं, हे खानदेशात कुणाला सांगावं लागणार नाही. पोतं चांगलं आहे, माल चांगला आहे, फक्त तोंड सुतळीने बांधायचं राहून गेलंय.

हा दोष जगात इतरांनाही दिसला होता. पॅरिसमध्ये १९४८ साली आणि शिकागोत १९५० साली डॉक्टरांनी अशा गर्भाशयमुखाची दुरुस्ती करून बघितली होती. पण त्या शस्त्रक्रिया बाई गरोदर नसताना करायच्या होत्या. शिकागोच्या पद्धतीत तोंडाचा कमकुवत भाग कापून काढून कडा शिवत. त्यातून काही वेळा तोंड इतकं आवळलं जाई की पुन्हा दिवस जाणंच अवघड होई.

शिरोडकरांनी गरोदरपणातच टाका घालायचं ठरवलं.

हे धाडसाचं होतं. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की गरोदर बाईच्या गर्भपिशवीला हात लावू नये, लावला तर कळा सुरू होतील. आणि जिची आधीची दोन-तीन बाळं गेली आहेत, तिच्या पोटातल्या जिवंत बाळाच्या इतक्या जवळ सुई न्यायची. चुकलं तर ते बाळ डॉक्टरच्या हातून जाणार होतं.

टाका नेमका कसा घालतात?

शिरोडकरांची पद्धत अशी. पोट उघडायचं नाही, योनीमार्गातूनच जायचं. गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला छोटा छेद घेऊन मूत्राशय अलगद वर सरकवायचं. मागच्या बाजूलाही छेद घ्यायचा. मग आवरणाच्या आतून, शक्य तितक्या वरच्या पातळीवर, एक पट्टी तोंडाभोवती गोल फिरवून बांधायची. टाका जितका वर, तितका तो आतल्या दाराजवळ आणि तितका मजबूत.

पट्टी कशाची? सुरुवातीला त्यांनी त्याच बाईच्या मांडीतून काढलेली फॅशिया लाटा वापरली. मांडीच्या स्नायूंवर पांढऱ्या, चिवट पडद्यासारखं एक आवरण असतं, ते हे. स्वतःच्याच शरीराचा भाग असल्यामुळे शरीर तो नाकारत नाही. पुढे मर्सिलीन नावाची धाग्यांची कृत्रिम फीत रुळली. आजही तीच बऱ्याच ठिकाणी वापरतात.

नऊ महिने पूर्ण होत आले की टाका कापायचा आणि बाळंतपण नेहमीसारखं होऊ द्यायचं. काही वेळा टाका तसाच ठेवून सिझेरियन करतात, म्हणजे पुढच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

मद्रासच्या मासिकातला छोटा लेख

शिरोडकरांनी ही पद्धत १९५५ मध्ये छापली. कुठे? लंडन किंवा न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकात नाही. मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकात. लेख दोन पानांचा. चौथ्या ते सातव्या महिन्यातल्या वारंवार होणाऱ्या गर्भपातांवर शस्त्रक्रियेचा नवा उपाय, असा विषय.

तेवढ्या दोन पानांवरून हे नाव जगभर गेलं.

दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे इयान मॅकडोनाल्ड यांनी याच कल्पनेची सोपी पद्धत मांडली. त्यात छेद घेऊन मूत्राशय सरकवावं लागत नाही. बटव्याची नाडी ओवावी तसा दोरा गर्भाशयमुखात चार-पाच ठिकाणी ओवून आवळायचा. हा टाका घालायला आणि काढायला सोपा, म्हणून आज तो जास्त वेळा घातला जातो. शिरोडकर टाका त्याच्यापेक्षा वर बसतो. त्यामुळे तोंड फारच आखूड किंवा फाटलेलं असेल तर डॉक्टर तो निवडतात.

१९५५ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी ऑक्सिटोसिनची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केलं होतं. म्हणजे एकीकडे कळा सुरू करणारं हार्मोन माणसाच्या हातात आलं आणि दुसरीकडे मुंबईचा एक डॉक्टर वेळेआधी उघडणारं दार बांधत होता.

मग कळा सुरू कशा होतात?

शिरोडकरांचा टाका का चालतो आणि कधी चालत नाही, हे कळायला आधी कळा कशा सुरू होतात ते बघावं लागतं. याचा मोठा भाग शिरोडकरांच्या हयातीनंतर उलगडला.

हार्मोन म्हणजे किल्ली समजा. रक्तातून ही किल्ली सगळ्या शरीरात फिरते. पण ज्या पेशीवर तिचं कुलूप आहे तिथेच ती काम करते. या कुलपाला रिसेप्टर म्हणतात. किल्ल्या कितीही असोत, कुलूपच नसेल तर दार हलत नाही.

गरोदरपणात ऑक्सिटोसिनची कुलपं गर्भाशयाच्या स्नायूवर सुरुवातीला फार कमी असतात. दिवस भरत येतात तशी ती कैक पटींनी वाढतात. म्हणूनच नवव्या महिन्यात सलाइनमधून थोडं ऑक्सिटोसिन दिलं तरी कळा सुरू होतात आणि पाचव्या महिन्यात त्याच औषधाला गर्भाशय फारशी दाद देत नाही. औषध तेच, फरक कुलपांचा.

प्रोजेस्टेरॉनचं काम उलट. ते स्नायूला शांत ठेवतं आणि गर्भाशयमुख घट्ट ठेवतं. १९५० च्या दशकात आर्पाद चापो यांनी याला प्रोजेस्टेरॉनचा अडसर म्हटलं. हा अडसर निघाला की कळा सुरू होतात, असं त्यांचं म्हणणं. मेंढीसारख्या प्राण्यात हे सरळ दिसतं. बाळंत होण्याआधी तिच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं.

पण बाईच्या रक्तात तसं होत नाही! कळा सुरू होतात तेव्हाही प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. वार पडल्यावरच ते उतरतं. मग अडसर निघतो कसा?

इथे उत्तर पुन्हा कुलपात सापडलं. प्रोजेस्टेरॉनचं कुलूप एका प्रकारचं नसतं. बी प्रकारचं कुलूप गर्भाशयाला शांत ठेवतं. ए प्रकारचं कुलूप बीच्या कामात अडथळा आणतं. दिवस भरत आले की एचं प्रमाण वाढतं. किल्ली तितकीच राहते, पण कुलूप बदलल्यामुळे तिचं काम होत नाही. प्रोजेस्टेरॉनची पकड सुटली की इस्ट्रोजेनचा जोर वाढतो. ऑक्सिटोसिनची कुलपं वाढतात, स्नायूच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जाऊन एकाच वेळी आकुंचन पावू लागतात आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं गर्भाशयमुख मऊ करतात.

याचा पुरावा एका औषधाने दिला. १९८० मध्ये फ्रान्समध्ये मिफेप्रिस्टोन तयार झालं. हे औषध प्रोजेस्टेरॉनच्या कुलपात जाऊन अडकून बसतं. रक्तात प्रोजेस्टेरॉन असूनही मग ते वापरता येत नाही. गर्भाशयमुख मऊ होतं आणि गर्भाशय आकुंचनांना तयार होतं.

थोडक्यात, बाळंतपणाच्या दोन बाजू आहेत. वरचा स्नायू जागा होणं आणि खालचं तोंड मऊ होऊन उघडणं. नेहमीच्या बाळंतपणात या दोन्ही गोष्टी जोडीने होतात. शिरोडकरांच्या रुग्णांमध्ये स्नायू झोपलेलाच होता, फक्त दार आधी उघडत होतं. म्हणून त्यांना फारशा कळा येत नव्हत्या. म्हणूनच स्नायू शांत ठेवणाऱ्या हार्मोनचा त्यांना उपयोग झाला नाही आणि दार बांधल्याचा झाला.

टाक्याची मर्यादाही यातूनच समजते. स्नायू आधीच जागा झाला असेल, जोराच्या कळा सुरू असतील, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असेल, तर टाका घालत नाहीत. आधी घातलेला असला तर काढतात. नाहीतर आकुंचन पावणारं गर्भाशय टाक्यावर जोर देतं आणि तोंड फाटू शकतं.

टाका गरजेपेक्षा जास्त घातला गेला का?

उपाय सोपा आणि नाव मोठं असलं की तो गरज नसतानाही वापरला जातो. शिरोडकर टाक्याचंही तसं झालं. एकदा गर्भपात झालाय, घाला टाका. जुळी आहेत, घाला टाका. भीती वाटते, घाला टाका.

अखेर ब्रिटनमधल्या संस्थांनी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. १२९२ बाया होत्या. ज्यांना टाका लागेल की नाही याची डॉक्टरांनाच खात्री नव्हती, अशा. टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के जणी ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. न घातलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे फरक होता, पण लहान. साधारण २५ जणींना टाका घातला तर एकीची अशी अकाली प्रसूती टळते.

याचा अर्थ टाका निकामी आहे असा नाही. तो योग्य बाईला घालायला हवा, असा आहे. शिरोडकरांनीही तो सगळ्यांसाठी सांगितला नव्हता. पुन्हा पुन्हा मधल्या महिन्यांत बाळ गमावणाऱ्या, तपासणीत दार कमकुवत सापडलेल्या बायांसाठी सांगितला होता.

पुढे ही निवड करायला सोनोग्राफीची मदत झाली. गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. आधी अकाली प्रसूती झालेली आहे आणि २४ आठवड्यांच्या आत लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाक्याचा विचार करतात. आधीचा इतिहास नसताना लांबी कमी भरली, तर योनीमार्गात ठेवायचं प्रोजेस्टेरॉन देतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लांबी १५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलेल्या बायांना असं प्रोजेस्टेरॉन दिलं, तेव्हा ३४ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं.

म्हणजे हार्मोन आणि टाका हे एकमेकांचे शत्रू नव्हते. प्रश्न कुठल्या बाईला काय, हा होता.

टाक्याच्या पलीकडचे शिरोडकर

शिरोडकरांचं काम या एका टाक्यापुरतं नव्हतं. मूल होण्याआधीच अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या तरुण बायांसाठी त्यांनी वेगळी शस्त्रक्रिया बसवली. गर्भपिशवी काढून टाकायची नाही, तर फितीच्या झोळीने तिला मागच्या कण्याच्या हाडाशी बांधून वर उचलायचं. शिरोडकर स्लिंग या नावाने ती आजही शिकवली जाते. बंद पडलेल्या गर्भनलिका शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्यावरही त्यांनी काम केलं.

यातला समान धागा बघण्यासारखा आहे. अंग बाहेर येतंय, नळी बंद आहे, बाळ राहत नाही. अशा वेळी पिशवी काढून मोकळं होण्यापेक्षा ती दुरुस्त करून बाईची आई होण्याची शक्यता राखायची, असा त्यांच्या या शस्त्रक्रियांचा रोख होता.

१९६० मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक एडिनबरोहून प्रसिद्ध झालं. त्यात या शस्त्रक्रिया त्यांनी एकत्र मांडल्या. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं.

१९७१ च्या प्रजासत्ताक दिनाला त्यांचं नाव पद्मविभूषणच्या यादीत होतं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ७ मार्च १९७१ रोजी, त्यांचं निधन झालं. वय ७१.

त्यांच्या मृत्यूनंतर दीड महिन्याने, एप्रिल १९७१ मध्ये, अमेरिकेतून एक बातमी आली. गर्भ टिकावा म्हणून ज्या बायांना डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल दिलं गेलं होतं, त्यांच्या काही मुलींना तरुणपणीच योनीमार्गाचा दुर्मीळ कॅन्सर होत असल्याचं बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. बाळ वाचवायला दिलेलं हार्मोन बाळाच्याच मुळावर आलं होतं. शिरोडकरांनी ज्या बायांसाठी हार्मोन सोडून दुसरा रस्ता शोधला, त्याचं महत्त्व तेव्हा आणखी ठळक झालं.

आज खानदेशातल्या बाईसाठी याचा अर्थ काय?

भारतात आजही दर वर्षी सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्माला येतात. हा आकडा जगात सर्वांत मोठा आहे. सगळ्याच अकाली प्रसूतींमागे गर्भाशयमुखाचा कमकुवतपणा नसतो. जंतुसंसर्ग, रक्तदाब, जुळी, रक्तक्षय अशी बरीच कारणं आहेत. पण ज्यांच्यात हा दोष आहे, त्यांच्यासाठी उपाय आहे आणि तो सत्तर वर्षं जुना आहे.

आज हा टाका घालायला मुंबईच गाठायला हवी असं नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. टाका साधारण १२ ते १४ आठवड्यांच्या सुमाराला घालतात, कमरेखाली भूल देऊन. ३६-३७ आठवड्यांना तो काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा, कारण टाका वेळेत निघणं तितकंच महत्त्वाचं असतं.

त्यासाठी एक गोष्ट मात्र घरच्यांना करावी लागते. आधी चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ गेलं असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत सांगायचं. कुठल्या महिन्यात गेलं, कळा आल्या होत्या का, पाणी आधी गेलं का. नशिबाचा भाग म्हणून ही माहिती घरातच राहिली, तर टाक्याची वेळ निघून जाते.

आणि दोष? कापूस वेचला म्हणून, पाण्याचा हंडा उचलला म्हणून गर्भाशयमुख कमकुवत होतं, असं नाही. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्याने ते मजबूत होतं, असाही पुरावा नाही. शिरोडकरांनी हे बोटांनी तपासून ओळखलं होतं. दोष तिच्या वागण्यात नव्हता, पायगुणात नव्हता. एका दारात होता आणि ते दार बांधता येत होतं.

जळगावच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्यातून नवव्या महिन्यात टाका काढून, दोन दिवसांनी बाळ कुशीत घेऊन गावी परतणाऱ्या बाईला विठ्ठल नागेश शिरोडकर हे पूर्ण नाव बहुधा माहीत नसतं. फाईलवर मात्र ते आडनाव असतं.